किरकोळ म्हणजे किती?

ऑगस्ट २०२३ मधला रविवार. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलहून रेडिंगला घरी परत येताना एम-४ महामार्गावरच्या मेमबरी सर्व्हिसेस या थांब्यावर पेट्रोल भरलं, पैसे देऊन आलो, किल्ली फिरवली. स्टार्टर जोरात फिरत होता, पण इंजिन काही पकडेना. पुन्हा किल्ली, पुन्हा तेच. मागे रांग लागलेली. शेवटी एका अनोळखी माणसाच्या मदतीनं गाडी ढकलत कडेला लावली. बायको आणि लेक गवतावर जाऊन बसल्या आणि मी बॉनेट उघडून इंजिन थंड व्हायची वाट बघत उभा राहिलो. पाऊण तासानं पहिल्या किल्लीला सुरू झाली. घरी पोचेपर्यंत आवाज नेहमीसारखाच गोड होता. पण मला कळून चुकलं होतं की इंजिनकाम निघालंय.

गाडी म्हणजे माझदा आरएक्स-८. २००५ ची, २३१ हॉर्सपॉवरची, सहा गिअरची, गडद निळी. २०१४ मध्ये मी ती २,८०० पौंडांना घेतली, तेव्हा ५८,००० मैल झालेली होती. तिला चार दारं. मागची दोन मागच्या बाजूला बिजागरी असलेली, त्यामुळे पुढचं आणि मागचं दार उघडलं की वाड्याचा दुपाखी दरवाजा उघडल्यासारखं वाटतं, मधे खांबच नाही. लेकीला बेबी-सीटमध्ये बसवायला एवढं सोयीचं दार मी दुसऱ्या कुठल्या गाडीत पाहिलेलं नाही. ती बोलायला लागली तेव्हा "पंखांची गाडी" म्हणायची.

नऊ वर्षांत मी तिच्यात बरंच काही बदललं. उंची कमी-जास्त करता येणारं सस्पेन्शन, रेज या जपानी कंपनीची हलकी चाकं, स्टीलचा एक्झॉस्ट, जास्त दमाच्या इग्निशन कॉइल, ड्रायव्हरला बकेट सीट, आणि इंजिनाच्या सीलना वंगण मिळावं म्हणून टू-स्ट्रोक ऑइलची वेगळी छोटी टाकी. सगळ्याच्या पावत्या एका फायलीत होत्या. बेरीज केली तर ४,१०० पौंडांच्या आसपास. काढलेला प्रत्येक मूळ भाग घराच्या माळ्यावर पेटीत ठेवला होता. ही सवय आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ते म्हणायचे, काढलेला माल फेकायचा नाही, तो गिऱ्हाइकाचा असतो.

आप्पांनी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात चाळीस वर्षं शेतीपंपाची डिझेल इंजिनं बांधली. लायनर, पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह घासणं, सगळं हातानं. मी गाडी घेतली तेव्हा त्यांना फोनवर इंजिन समजावून सांगितलं होतं, ते संभाषण मला शब्द न् शब्द आठवतं.

"पिस्टनच न्हाई म्हणतोस?"

"नाही आप्पा. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर आहे. मधे जरा आवळलेल्या लंबगोल घरात तो फिरतो. असे दोन रोटर. एकेका घराची मापं ६५४ सीसी, दोन मिळून १,३०८."

"आणि व्हॉल्व्ह?"

"तेही नाहीत. भिंतीला भोकं आहेत, रोटर फिरता फिरता तीच उघडतो आणि झाकतो."

"मग आतला दाब, कॉम्प्रेशन, धरतंय कोण?"

"रोटरच्या तीन टोकांना तीन पट्ट्या असतात, एपेक्स सील. बाजूंना वेगळी सील. ती भिंतीला घासत फिरतात."

आप्पा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे रिंगाच की. जाणार त्याच."

खरंच त्याच गेल्या. या इंजिनाचा सगळा इतिहास त्या पट्ट्यांचाच आहे. जर्मनीच्या फेलिक्स वांकेलची कल्पना माझदानं घेतली आणि साठच्या दशकात हिरोशिमात केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ जणांची तुकडी ती चालवायला बसली. सुरुवातीच्या इंजिनांत सील थरथरायची आणि घराच्या आतल्या भिंतीवर लाटांसारखे ओरखडे उठायचे. त्या लोकांनी त्यांना सैतानाच्या नखांच्या खुणा असं नाव दिलं होतं. १९६७ मध्ये त्यांची कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली आणि १९९१ मध्ये चार रोटरची ७८७बी फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली, कुठल्याही जपानी कंपनीनं जिंकलेली पहिली. माझ्या गाडीतलं इंजिन त्या ७८७बीच्या घराण्यातलं, हे मला रोज किल्ली फिरवताना आठवायचं. टॅकोमीटरची, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या काट्याची, लाल रेघ मिनिटाला नऊ हजारांवर. त्या जवळपास जाताना कंपन वाढत नाही, उलट सगळं गुळगुळीत होत जातं. ज्यानं ते एकदा अनुभवलंय त्याला मी गाडी का जपली हे सांगावं लागणार नाही.

ही गाडी सांभाळायचे नियम वेगळे. ती तेल जाळते, कारण सीलना वंगण म्हणून तेल मुद्दामच आत सोडलेलं असतं. त्यामुळे दर दुसऱ्या टाकीला तेलाची काडी बघायची. थंड इंजिन सुरू करून लगेच बंद करायचं नाही, नाहीतर आत पेट्रोल साचून प्लग भिजतात. कॉइल कमजोर होऊ द्यायच्या नाहीत, कारण पेट्रोल नीट जळलं नाही की ते पुढे जाऊन कॅटमध्ये, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतं, कॅट वितळून तुंबतो आणि त्याची धग परत इंजिनाला मारते. मी हे सगळं पाळलं. तरी १,०३,००० मैलांवर सीलनी मान टाकली. माझ्याआधीच्या मालकानं काय पाळलं होतं हे मला माहीत नव्हतं.

इथे माझी एक गोष्ट मोकळेपणानं सांगितली पाहिजे, कारण विकताना तीच सगळ्यात जड गेली. २०१९ मध्येच गरम इंजिन सुरू व्हायला दोन-चार सेकंद जास्त लागायला लागले होते. तेव्हा मी नंतरच्या मॉडेलचा जास्त ताकदीचा स्टार्टर बसवला. कॉम्प्रेशन कमी असलं तरी इंजिन वेगानं फिरवलं की ते पकडतं. आजार तसाच राहतो, फक्त दिसत नाही. मेमबरीला तो स्टार्टर असूनही गाडी सुरू झाली नाही, म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं होतं.

ऑक्टोबरमध्ये रोटरी इंजिनांचंच काम करणारा एक तंत्रज्ञ घरी बोलावला. त्यानं ९० पौंड घेतले आणि ते मी आनंदानं दिले. साधा कॉम्प्रेशन गेज इथे चालत नाही. त्यातल्या व्हॉल्व्हमुळे तो तीन बाजूंतल्या सगळ्यात चांगल्या बाजूचाच आकडा धरून ठेवतो, बाकीच्या दोन मेल्या असल्या तरी कळत नाही. रोटरीचा टेस्टर प्रत्येक बाजू वेगळी मोजतो, आणि स्टार्टरचा वेग पकडून आकडे २५० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला २५० फेऱ्यांवर, आणून देतो. म्हणजे माझ्या तगड्या स्टार्टरची मदत वजा झाली. नव्या इंजिनाला ८३० किलोपास्कल असावेत, ६८० च्या खाली गेलं की इंजिन उघडायचं. माझे आकडे आले पुढच्या रोटरचे ५९०, ६००, ५७० आणि मागच्याचे ५४०, ५१०, ५६०.

त्यानं कागदावर तारीख, मैल आणि सहा आकडे लिहून सही केली. मी त्याला विचारलं, "अजून किती दिवस चालेल?" तो म्हणाला, "चालेल, पण गरम झाल्यावर बंद करू नकोस."

इंजिन नव्यानं बांधायचा खर्च दोन ठिकाणी विचारला. आतली घरं आणि बाजूच्या प्लेटा कशा निघतात त्यावर ४,५०० ते ५,५०० पौंड. धडधाकट चालणाऱ्या अशा गाडीचा भाव तेव्हा तीन हजारांच्या आसपास होता. घर दोन खोल्यांचं, गॅरेज नाही, लेकीची शाळा बदलायची, बायकोची नाइट ड्यूटी. मी तीन रात्री हिशेब मांडले आणि चौथ्या दिवशी रस्ता-कर थांबवून गाडीचं सॉर्न केलं. सॉर्न म्हणजे गाडी रस्त्यावर नाही असं सरकारला कळवणं. त्यानंतर ती आपल्या खासगी जागेतच उभी ठेवायची. आधी वेळ ठरवलेल्या एमओटी या वार्षिक तपासणीला नेणं सोडलं तर रस्त्यावर काढायची नाही.

आता तीन वाटा होत्या. पहिली म्हणजे सुटे भाग करून विकणं. चाकं, सस्पेन्शन, गिअरबॉक्स, दारं आणि कॅट. कॅटमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, म्हणून मोडीवाले आधी तोच विचारतात. मी यादी केली तर दोन हजारांच्या वर जात होती. पण त्याला सहा महिने लागले असते, अंगणात सांगाडा पडून राहिला असता, आणि शेवटी उरलेला सांगाडा मान्यताप्राप्त केंद्रात देऊन नष्ट केल्याचा दाखला घ्यावा लागला असता. दुसरी वाट थेट मोडीत देण्याची. तिथं २०१३ च्या कायद्यानं रोख मिळत नाही, पैसे बँकेतच येतात, आणि वजनाच्या हिशेबानं अगदी थोडे. तिसरी, आहे तशी अख्खी विकणं.

बायकोनं मला सरळ विचारलं, "तुला जास्त पैसे हवेत की ती परत चाललेली हवी?" मी उत्तर द्यायला वेळ लावला, तेव्हा तीच म्हणाली, "मग तसं ठरवून विक. दोन्ही धरून बसलास तर उन्हाळ्यापर्यंत इथेच उभी राहील."

तसंच ठरवलं. आधी गाडी कायद्यात बसवली. बदललेल्या गाडीचं हे काम लोक टाळतात आणि मग घेणारा अडकतो. मी काही वर्षं कॅट काढून नुसती नळी लावून चालवली होती. ते चूकच होतं, हवेच्या दृष्टीनंही आणि एमओटीच्या नियमांनीही, आणि आधीच्या एमओटीलाच मी मूळ कॅट परत बसवला होता. बकेट सीट काढून मूळ सीट लावली. त्या सीटमध्ये बाजूची एअरबॅग असते. ती जोडली नाही तर डॅशबोर्डवर दिवा पेटलेला राहतो आणि तपासणीत गाडी नापास होते. बकेट सीट वेगळी १८० पौंडांना गेली. चाकं वेगळी विकावीत असा मोह फार झाला, पण मूळ चाकांचे टायर संपलेले होते, आणि चाकं काढली असती तर गाडी बघायला आलेल्याला ती आजारी दिसली असती. राहू दिली.

अनुभवानं एक कळलं. लावलेल्या सामानाचे ४,१०० पौंड घेणाऱ्याच्या लेखी नसतात. तो तुमच्या आवडीचे पैसे का देईल? उलट प्रत्येक बदल त्याला विम्याला कळवावा लागतो आणि हप्ता वाढतो. माळ्यावरच्या मूळ भागांच्या पेटीला मात्र त्यानं किंमत दिली. आणखी एका गोष्टीला किंमत होती, जी माझ्या कर्तृत्वाची नव्हे. गाडीची नोंदणी २३ मार्च २००६ च्या आधीची. त्या तारखेपासून पुढे नोंदलेल्या याच मॉडेलला धुराच्या हिशेबानं सगळ्यात वरच्या पट्टीचा कर बसतो, वर्षाला सातशे पौंडांच्या वर. आधीच्या गाड्यांना तो खालच्या पट्टीवर थांबतो. जाहिरातीत हे पहिल्या तीन ओळींत घातलं.

जाहिरात लिहिताना माझा हात अडखळला. पहिला मसुदा असा होता: "गाडी चालू आहे, इंजिनाचं किरकोळ काम आहे, सामान भारी." त्या रात्री व्हिडिओ कॉलवर आप्पांना तो वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढला.

"किरकोळ म्हणजे किती?"

"आप्पा, असं लिहायची पद्धत आहे इथे. सगळेच लिहितात."

"तुला त्या माणसानं कागद दिलाय न्हवं? सहा आकडे हायेत न्हवं त्याच्यावर? मग किरकोळ कशाला म्हणतोस. आकडे लिही. आमच्याकडं शेतकरी इंजिन घेऊन यायचा, मी लायनर मोजून आकडा खडूनं ब्लॉकवर लिहायचो. मग त्याला काय सांगायची गरजच पडायची न्हाई."

मी दुसरा मसुदा लिहिला. सहाही आकडे, टेस्टचा फोटो, मेमबरीची घटना, आणि ही ओळ: "यात ताकदीचा स्टार्टर बसवलेला आहे, त्यामुळे तुमच्यासमोर गरम असताना गाडी सुरू झाली तरी इंजिन चांगलं आहे असं समजू नका." ती ओळ लिहून मी दोनदा पुसली आणि तिसऱ्यांदा ठेवली. किंमत १,६०० पौंड. इथे खासगी विक्रीत घेणाऱ्यानं बघून घ्यायचं असतं हे खरं, पण विकणाऱ्यानं खोटं वर्णन केलं तर १९६७ चा चुकीच्या कथनाचा कायदा लागू होतो, आणि रस्त्यावर धोकादायक असलेली गाडी, ती दुरुस्त झाल्याशिवाय रस्त्यावर येणार नाही असं मानायला कारण नसताना विकणं हा १९८८ च्या वाहतूक कायद्यानं गुन्हा आहे. मला कायद्यापेक्षा आप्पांचा खडू जास्त आठवत होता.

पहिल्या आठवड्यात चाळीसेक निरोप आले. निम्मे "शेवटची किंमत काय?" एवढेच. काही जण फक्त कॅट मूळ आहे का ते विचारत. अशांना मी एका ओळीत उत्तर दिलं आणि पुढे गेलो.

दोघे जण एका शनिवारी व्हॅन घेऊन आले. एक जण मला मागच्या दाराबद्दल विचारत राहिला आणि दुसरा बॉनेटखाली वाकला. मी लगेच पुढे जाऊन उभा राहिलो, कारण एक जण बोलण्यात गुंतवतो आणि दुसरा पाण्याच्या टाकीत तेल ओततो, म्हणजे इंजिन बिघडल्यासारखं दाखवून भाव पाडता येतो, हा इथला जुना प्रकार आहे. त्यानं टाकीचं झाकण उघडलेलं होतं. मग तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "हेड गॅस्केट गेलंय. पाचशे देतो, आत्ता घेऊन जातो." मी म्हणालो, "या इंजिनाला हेडच नाही." त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि निघून गेले. ते गेल्यावर मी टाकीतलं पाणी काचेच्या ग्लासात काढून बघितलं. स्वच्छ होतं. त्यानंतर कोणी येणार असलं की मी बॉनेटपाशीच उभा राहायचो, आणि बायको घरात असेल अशीच वेळ द्यायचो.

मनाला सगळ्यात जास्त लागली ती स्विंडनहून आलेल्या मुलाची भेट. एकोणीस वर्षांचा, सोबत आई. त्याला गाडीचं सगळं पाठ होतं, ल मान्सच्या गाडीचा ५५ नंबरसुद्धा. त्यानं एका दुकानात काम करून १,५०० पौंड साठवले होते आणि ते रोख घेऊन आला होता. गाडीत बसला आणि स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसून राहिला. सॉर्नमुळे रस्त्यावर नेता येत नव्हतं, तरी मी वीस मिनिटं इंजिन तापवून अंगणातच त्याला आवाज ऐकवला. मग बंद करून परत किल्ली फिरवायला लावली. दहा सेकंद स्टार्टर फिरला आणि गाडी सुरू झाली. त्याचा चेहरा खुलला. "सुरू होतेय की!"

मी त्या दोघांना घरात बसवलं, चहा दिला आणि कागद पुढे ठेवला. ५१० म्हणजे काय ते सांगितलं. इंजिन बांधायला किती लागतील ते सांगितलं. पेट्रोलचा खर्च सांगितला. माझा सरासरी अठरा-एकोणीस मैल प्रति गॅलन होता. आणि विचारलं, "विम्याचा आकडा काढलास का, सगळे बदल सांगून?" त्यानं काढला नव्हता. तिथेच फोनवर काढला. आकडा बघून तो काही बोलला नाही. मी म्हणालो, "एमएक्स-५ बघ. याच कंपनीची, मागच्या चाकांवर चालणारी, आणि आत साधे पिस्टन. फक्त दारांखालची पट्टी गंजली आहे का ते वाकून बघ. नोकरी लागून पाच वर्षं झाली की मग रोटरी घे." मुलगा माझ्याकडे न बघता निघाला. आई दारातून परत वळली, थँक यू म्हणाली आणि त्याच्या मागे गेली. संध्याकाळभर मला वाटत राहिलं की मी कोणाचा तरी वाढदिवस मोडला. तरीही पुन्हा तसंच करीन. त्याच्याकडून ते पैसे घेऊन मला झोप लागली नसती.

नोव्हेंबर उलटला. किंमत १,४५० केली. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वेल्समधून, स्वॉन्झीजवळून, एका माणसाचा निरोप आला. त्यात किंमतीचा विषयच नव्हता. "आकडे २५० आरपीएमवर आणलेले आहेत की कच्चे? टेस्टच्या वेळी इंजिन गरम होतं का? मागच्या रोटरचं ५१० कुठल्या क्रमानं आलं?" मी ते वाचलं आणि आप्पांना लगेच फोन लावला. तिकडे रात्रीचा एक वाजला होता हे लक्षातच आलं नाही. आप्पा म्हणाले, "हा घेणार बघ."

तो रेल्वेत फिटर होता, पन्नाशीचा, कमी बोलणारा. रविवारी ट्रेलर जोडूनच आला, पण म्हणाला, "आधी मी मोजू का?" त्यानं स्वतःचा टेस्टर आणला होता. आम्ही गाडी तापवली. त्यानं इंजिनाला पेट्रोल पाठवणाऱ्या पंपाचा फ्यूज काढला, प्लग काढून माझ्या हातात दिले, मला आत बसवून पेडल तळापर्यंत दाबायला आणि किल्ली धरून ठेवायला सांगितलं. बाहेर बारीक पाऊस. पुढचा रोटर ५८५, ६००, ५७५. मागचा ५३५, ५०५, ५६०. त्यानं माझा ऑक्टोबरचा कागद मागून घेतला, त्याच्याशेजारी आपली वही धरली आणि बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "लोक मला असं लिहून देत नाहीत."

मी त्याला विचारलं, "मोडणार आहेस की बांधणार?" विचारायचा मला हक्क नव्हता, गाडी त्याची होणार होती. पण त्यानं राग न धरता सांगितलं. त्याची आरएक्स-८ मागच्या वर्षी कोणीतरी मागून ठोकली, विमावाल्यांनी ती बाद ठरवली. इंजिन त्यानं आधीच काढून ठेवलंय, त्याची आतली घरं चांगली आहेत, सील नवी आणलीत. त्याला गंज नसलेली, जपलेली गाडी हवी होती. खालून टॉर्च मारून त्यानं मागचे सस्पेन्शनचे हात आणि चाकांच्या कमानी तपासल्या. दर हिवाळ्यानंतर मी खालून रस्त्याचं मीठ धुवायचो ते कारणी लागलं. नऊ वर्षांत मला त्या धुण्याची किंमत कोणी दिली असेल तर ती त्यानं.

भाव चटकन ठरला. त्यानं १,३५० म्हटलं, मी १,४०० आणि माळ्यावरची पेटी म्हटलं. हात मिळवले. पैसे त्यानं उभ्या उभ्या बँकेतून पाठवले. माझ्या खात्यात दिसल्यावरच मी किल्ली दिली आणि त्यालाही ते रीतसर वाटलं. मग नोंदणीच्या कागदावरचा क्रमांक घालून डीव्हीएलए या गाड्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर गाडी त्याच्या नावावर केली, नव्या मालकाची हिरवी चिठ्ठी फाडून त्याला दिली. पाच मिनिटांत दोघांच्या ईमेलवर पोच आली. एका कागदावर दोन प्रतींत विक्रीची पावती लिहिली. तारीख, वेळ, मैल, किंमत, आणि खाली सहा आकडे. दोघांनी सह्या केल्या. वेळ आवर्जून लिहायची, कारण त्यानंतरचा कुठलाही दंड कोणाचा हे त्यावरून ठरतं. विमा त्याच दुपारी बंद केला.

ट्रेलरवर चढवायला इंजिन सुरू करायचं नव्हतं. पुढे हुक लावून त्यानं विंच फिरवली, मी दार उघडं ठेवून स्टिअरिंग धरून बाजूनं चालत राहिलो. उतरवलेल्या सस्पेन्शनमुळे पुढचा बंपर घासेल म्हणून खाली फळ्या घातल्या. लेक खिडकीत उभी होती. शेवटच्या क्षणी ती जॅकेट न घालताच बाहेर आली आणि तिला मागचं दार एकदा उघडून बघायचं होतं. फिटरनं पट्टे बांधायचे थांबवले, तिला उचलून ट्रेलरच्या कडेवर उभं केलं. तिनं पुढचं दार उघडलं, मग मागचं, मग दोन्ही लावली.

जूनमध्ये त्याचा निरोप आला. इंजिन बसलंय, ५०० मैल झालेत, गरम असताना पहिल्या किल्लीला सुरू होते. सोबत अंगणात उभ्या गाडीचा फोटो, त्याच निळ्या रंगाचा, आणि टेस्टचा कागद. मी दोन्ही कोल्हापूरला पाठवले आणि फोन लावला. आप्पांनी फोटो बघितला असेल-नसेल. चष्मा कपाळावर सरकवून, मोबाईल डोळ्यांजवळ धरून त्यांनी आकडे एकेक करून मोठ्यानं वाचले.

"सातशे नव्वद. आठशे. सातशे नव्वद. मागचा... आठशे, सातशे सत्तर, सातशे नव्वद." थोडं थांबून म्हणाले, "मागचा मधला अजून वीस-तीस कमी हाय. त्याला म्हणावं, रनिंग पुरं झालं की परत मोज. आणि मोजलंस की मला कळव."